ऐकायची खोली

“आजी, आवाज नसतानाही बटण दाबताय तुम्ही.”

दार उघडून कान तपासणारी मुलगी, नूपुर, हे हसत म्हणाली. रागावून नाही. लहान मुलाची चोरी पकडल्यावर आपण म्हणतो तसं. शैलाच्या डोक्यावर जड हेडफोन होते, हातात बटण होतं, आणि त्या बटणावरचा अंगठा अजून दाबलेलाच होता. तिनं तो घाईनं उचलला. “बारीकसं ऐकू आल्यासारखं वाटलं,” ती म्हणाली. नूपुरनं मान हलवली. “होतं तसं. खूप जणांचं होतं. वाटलं म्हणून दाबू नका, खरंच ऐकू आलं तरच दाबा. नाही आलं तर गप्प बसून राहायचं. यात पास-नापास काही नसतं.” मग दार लागलं. जाड, आतून कापसाचं अस्तर असावं तसं मऊ लागणारं दार. बाहेरचं सगळं एकदम बंद झालं. कॉरिडॉरमधली गर्दी, पुकारले जाणारे नंबर, आणि बाकावर फोनवर बोलत बसलेला तिचा मुलगा हर्षवर्धन. समोर एक चौकोनी काच, काचेपलीकडे नूपुरचा खाली वाकलेला चेहरा. भिंतींना बारीक बारीक भोकांचे पांढरे पुठ्ठे. शैलानं हात लावून पाहिला. हीच ती भोकं. तरुणपणी गिरगावातल्या रेकॉर्डच्या दुकानात नोकरीला असताना अशाच भोकांत ती दुपारी काडी घालून धूळ काढायची.

परळच्या हॉस्पिटलातल्या तिसऱ्या मजल्यावर, कानाच्या तपासणीसाठी आलेली शैला, वय सदुसष्ट, नवरा विकास गेल्यापासून मुलाकडे राहणारी, टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवते म्हणून सुनेनं हळूच तक्रार केलेली, अशी त्या खोलीत बसली होती आणि तिच्या कानात अधूनमधून एक बारीक शिट्टी येत होती. किंवा येत नव्हती. शिट्टी गेल्यावर तिची जागा उरायची आणि ती जागाच वाजते आहे असं वाटायचं. ती गप्प बसून राहिली. यात पास-नापास नसतं. काचेपलीकडे नूपुरचा हात एक कळ फिरवत होता, डावीकडे, उजवीकडे. शैलाचा हात आपोआप मांडीवर तसाच फिरला. एक नंबर, दोन नंबर.

दुकानाचं नाव भूपाळी रेकॉर्ड सेंटर. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की तळमजल्याला, एका बाजूला पुस्तकबांधणीवाला आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. त्या गिरणीचा पांढरा धुरळा वाऱ्यावर यायचा आणि काळ्या तबकड्यांवर बसायचा, म्हणून मालक शरच्चंद्रभाऊ सतत मखमलीचा तुकडा हातात घेऊन फिरायचे. पुसताना तबकडी कडेनं धरायची, पोटाला बोट लावायचं नाही, हे त्यांनी शैलाला पहिल्याच दिवशी शिकवलं. तिनं तेव्हा नुकतीच अकरावी केली होती आणि परळच्या भोईवाड्यातल्या घरून बसनं गिरगावला जाताना आपण दुसऱ्या गावाला चाललो आहोत असं तिला वाटायचं. दुकानात शिरलं की एक वास यायचा. नव्या कव्हरांच्या शाईचा, तापलेल्या वॉल्व्हचा, लाकडाचा आणि पिठाचा मिळून. तो वास पुढे तिला कुठेच आला नाही. दादरच्या दुकानात नाही, लालबागला मसाल्याच्या गल्लीत होतं त्या एवढ्याशा दुकानात तर मिरचीच्या खकाण्यानं रेकॉर्ड बघतानाही शिंका यायच्या. आता त्यांतलं एकही नाही. आपण ज्या दुकानांत उभे राहिलो ती एकेक करून मिटतात आणि त्याचं सुतक कुणी पाळत नाही, असं तिला कधी कधी वाटायचं, पण हे कुणाला सांगायचं? हर्षवर्धन म्हणाला असता, आई, सगळं फोनवर आहे की आता. आहेच. त्यानं तिला लावूनही दिलं होतं एकदा. गाणं होतं. उभं राहायला जागा नव्हती.

दुकानात मागच्या बाजूला दोन लाकडी खोल्या होत्या, एका माणसानं उभं राहावं एवढ्या, आतून भोकांचे पुठ्ठे, दाराला काच. ऐकायच्या खोल्या. काउंटरवर तबकडी लावायची, कळ एकवर किंवा दोनवर फिरवायची, की गाणं त्या खोलीत जायचं आणि दुकानात शांतता राहायची. काचेतून दिसणारी माणसं शैला बघत बसायची. गाणं ऐकणाऱ्याचा चेहरा एरवीच्या चेहऱ्यापेक्षा उघडा असतो. लग्नाच्या बँडमधले दोघं यायचे, नवी चाल उचलायला. त्यांतला क्लॅरिनेटवाला हवेत बोटं नाचवायचा. एक निवृत्त मास्तर यायचे, ते खोलीत गेले की काचेकडे पाठ करायचे. एक नुकतंच लग्न झालेली बाई दर वेळी एकच भैरवी मागायची आणि विकत न घेता डोळे पुसत निघून जायची, आणि भाऊ म्हणायचे, “असू दे. रेकॉर्ड झिजायलाच असते.” चांगले होते भाऊ. कुणी गिऱ्हाईक बाईनं गप्पा मारता मारता “तुझं आडनाव काय गं?” विचारलं की शैलानं तोंड उघडायच्या आत ते म्हणायचे, “आमची शैला आहे ती.” त्या “आमची”नं तिला ऊब वाटायची. आणि घरी जाताना बसमध्ये तीच ऊब टोचायला लागायची, की आडनाव सांगितलं असतं तर काय झालं असतं? भाऊंनी आपल्याला झाकलं की आपलं नाव झाकलं? आता भाऊ जाऊनही पुष्कळ वर्षं झाली.

“आता मी शब्द बोलणार,” दार उघडून नूपुर म्हणाली, “आणि तोंडावर हा कागद धरणार. ऐकू येईल तो शब्द परत म्हणायचा.” कागद कशाला, असं शैलानं विचारलं नाही. ते तिला नूपुरनं कागद धरल्यावर कळलं. चेहरा झाकला गेला आणि शब्दांची हाडंच निघून गेली. कानात नुसतं पाणी हलत होतं. “पाट?” ती म्हणाली. “काठ? भात?” कागद खाली आला. नूपुरनं त्यावर एक खूण केली. “आजी, तुम्ही ओठ वाचता. फार छान वाचता. म्हणून घरच्यांना इतकी वर्षं कळलं नसेल. कुठं शिकलात?” शैला म्हणाली, “घरात.” “घरात कुणाला ऐकू येत नव्हतं?” “वडिलांना. पण ते गिरणीमुळे.”

गिरणीमुळे. हे सांगायला एक शब्द पुरतो. तिचे वडील राजाराम, सगळे त्यांना आबा म्हणत, परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. शेकडो माग एकाच वेळी ठोकत असायचे तिथे. आबांच्या आधी त्यांच्या वस्तीतल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून बाहेर काढावं लागे, आणि यांनी तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं बाकीचे म्हणत. मग भांडणं झाली, दिवस बदलले, आणि आबा आत गेले. भोईवाड्यातून साच्यावर जाणाऱ्या पहिल्या काही जणांतले. ते हे छाती काढून सांगायचे. त्या दारातून आत जायचा त्यांना जन्मभर अभिमान होता. आणि त्याच दाराआड त्यांचे कान गेले. हळूहळू, दर पाळीला थोडे. साच्यावरची माणसं एकमेकांशी आवाज न काढता बोलायची, नुसते ओठ हलवून. आबा घरीही तसंच बोलायचे, आईही शिकली, पोरंही शिकली. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात किती शांतता आहे!

तरुणपणी आबा गायचे. जयंतीला भोईवाड्यात गायनपार्टी बसायची, पेटी, ढोलकी, आणि मधे आबा, कानावर हात. शैलाला ते लहानपणीचं आठवत होतं, त्यांचा आवाज उंच चढताना बायका पदर सावरायच्या ते. मग हळूहळू आवाज मोठा होत गेला आणि सुरातून निसटायला लागला. त्यांना कळत नव्हतं. एका वर्षी पार्टीतल्या शिवाकाकांनी त्यांच्या हातात झांजा दिल्या. पुढच्या वर्षी त्यांना पुढच्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर बसवलं. आबा सगळं समजले. घरी आल्यावर त्यांनी ओठसुद्धा हलवले नाहीत.

आणि शैलाला गाण्याच्या दुकानात नोकरी लागली. त्यांनी किती जणांना सांगितलं असेल! एका दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर, ते नीळ घातलेला पांढरा सदरा घालून दुकानात हजर झाले. “तुझं दुकान बगायला आलो गो.” आवाज जरुरीपेक्षा मोठा. पुस्तकबांधणीवाला डोकावून गेला. शैलाला लाज वाटली, मग त्या लाजेची लाज वाटली. तिनं त्यांना एक नंबरच्या खोलीत नेऊन उभं केलं, एक भक्तिगीत लावलं, आणि काउंटरमागून काचेत बघत राहिली. आबा ताठ उभे होते. डोळे मिटलेले. मान एका लयीत हलत होती, चेहऱ्यावर इतकं सुख की तिला वाटलं, अजून थोडं ऐकू येतं आहे त्यांना, आतल्या त्या लहानशा जागेत आवाज जवळून येतो म्हणून येत असेल. ती आईला हे कसं सांगायचं ते मनात जुळवत होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मागे गेलं आणि त्यानं दोन नंबरच्या खोलीचं दार उघडलं. गाणं भसकन दुकानात सांडलं. “अहो, इथं कुणीच नाही. मग कुणासाठी लावून ठेवलंय?”

कळ दोनवर होती. शैलाकडून चुकून फिरली होती. एक नंबरच्या खोलीत पहिल्यापासून काहीच वाजत नव्हतं आणि आबा मान हलवत होते.

तिनं कळ एकवर आणली. गाणं त्यांच्या खोलीत गेलं असेल. आबांची मान हलायची थांबली नाही, आणि लय बदलली नाही. गाणं विलंबित होतं, मान त्याहून जलद. त्यांच्या आत कुठलं गाणं चाललं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. तबकडी संपली तरी मान हलत राहिली. मग शैला काचेजवळ जाऊन उभी राहिली, तेव्हा ते भानावर आले, बाहेर आले आणि म्हणाले, “फार गोड गळा हाय.”

पण पुढच्या वेळी ते आले तेव्हा तिनं तबकडी नीट पुसली, कळ तपासून एकवर ठेवली, खोलीतलंच गाणं ऐकवणारा, काउंटरवरचा लांब वायरीचा छोटा कर्णा कानाला लावला आणि काचेसमोर उभी राहिली. पहिली ओळ आली तशी तिनं ओठ हलवले. आवाज न काढता, साच्यावरच्या माणसांसारखे, शब्द मोठे मोठे करून, तान आली की ओठ तसेच ताणून. आबांनी डोळे मिटले नाहीत. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांची मान गाण्याच्या लयीत आली. अगदी समेवर पडायला लागली. भाऊ मखमलीचा तुकडा हातात धरून बघत होते. आबा घरी निघून गेल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, “दुपारी गर्दी नसते. येऊ देत त्यांना.” आणि आबा येत राहिले. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. याबद्दल बापलेकीत कधी एक शब्द झाला नाही. तिला माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं, आणि मधे काच होती.

मग गिरण्यांचा संप झाला. आबांचं खातं बंद पडलं ते पडलंच, आणि त्याच सुमारास कॅसेटी आल्या. कॅसेट ऐकून बघायला खोली कशाला लागते? भाऊंनी सुताराला बोलावून दोन्ही खोल्या काढून टाकल्या आणि त्या जागी मांडण्या ठोकल्या. शैला आबांना सांगायला विसरली, किंवा सांगवेना. ते आले, सदरा नीळ घातलेलाच, पण अंगात सैल. मागे गेले. प्लास्टिकच्या डब्यांच्या त्या भिंतीकडे बघत राहिले, तिला हात लावला. मग वळून, ओठांनी नव्हे, आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, “आता उभा कुठं राहू गो?” दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. ते पुन्हा आले नाहीत.

तपासणी संपल्यावर नूपुर हर्षवर्धनला आलेख दाखवत होती. एक रेघ, सुरुवातीला बरी, मग जिना उतरावा तशी खाली. मशिनं दोन्ही कानांना लागतील, बोलणं बरंचसं कळेल. “पण आजी, गाणी वगैरे मात्र पहिल्यासारखी वाटणार नाहीत. थोडी पत्र्यासारखी वाटतील. आणि जे आत्ता आहे तेही पुढं कमी होत जाईल, हे मी सांगून ठेवते.” शैलानं तिच्या ओठांवरून हे सगळं वाचलं. हर्षवर्धननं आईच्या पाठीवर हात ठेवला. “ठीक आहे गं, आजकाल मस्त मशिनं येतात.”

खाली टॅक्सीत बसल्यावर ती म्हणाली, “गिरगावला जाऊ या.”

“आत्ता? कशाला? आई, मी हाफ डे टाकलाय.”

“मग अर्धा दिवस आहे ना.”

लालबागचा पूल, भायखळा, सगळं काचेबाहेरून आवाजाविना सरकत गेलं. ठाकूरद्वारला ते उतरले. शैलाला ती गल्ली लगेच सापडली नाही. पुस्तकबांधणीवाला नव्हता, गिरणी नव्हती, मुळात ती इमारतच नव्हती. मेट्रोसाठी पाडलेल्यांपैकी ती एक असावी. तिथे आता काचेचं आणि स्टीलचं एक तोंड होतं आणि त्यातून सरकते जिने खाली जमिनीत उतरत होते. माणसं जिन्यावर उभी राहून खाली चालली होती, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेलं. दुकान आता त्यांच्या डोक्यांवरच्या हवेत असणार, असा विचार तिच्या मनात आला. काउंटर साधारण त्या खांबापाशी. ती तिथे जाऊन उभी राहिली. हर्षवर्धनही शेजारी येऊन उभा राहिला. त्याला कंटाळा आला नव्हता, याचं तिला नवल वाटलं. तो काहीतरी म्हणाला. रस्त्याकडे बघत म्हणाला, त्यामुळे तिला अर्धंच कळलं.

“काय? माझ्याकडे बघून बोल.”

तो वळला. “म्हटलं, इथंच होतं का तुझं ते दुकान? आबा सांगायचे.”

“आबा? तुला? तू केवढासा होतास.”

“पहिली-दुसरीत. गॅलरीत बसायचो की आम्ही. ते म्हणायचे...” एक बस गेली. त्यानं आवाज चढवला, येणारेजाणारे बघायला लागले, आणि तो मोठमोठ्यानं ओरडून सांगत राहिला, “ते म्हणायचे, तुझी आई काय गाते! तिच्यासारखा गळा कुणाचा नाही! गिरगावच्या दुकानात ती गायची आणि मी ऐकायला जायचो!”

शैला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मला वाटायचं,” हर्षवर्धन आता हळू बोलत होता, पण तोंड तिच्याकडे करून, “की तू लग्नाआधी गायचीस आणि बाबांनी तुझं गाणं बंद केलं. घरात कधी गुणगुणताना पण ऐकलं नाही ना तुला. मी कधी विचारलं नाही. पण बाबांचा राग होता मला त्याच्यावरून. कायम होता. त्यांच्याशी मी धड... जाऊ दे.”

“अरे, मी कधीच गायले नाही,” ती म्हणाली. “विकासनं काय बंद करायचं? मला गाता येत नाही. मी नुसते ओठ हलवत होते.”

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. तिथेच, खांबापाशी, जिन्यावरून माणसं खाली जात असताना. दोन नंबरची कळ सांगितली, काच सांगितली. त्याचे डोळे भरले होते आणि ते आबांसाठी की विकाससाठी, हे तिला कळलं नाही. दोघंही आता सांगण्या-ऐकण्याच्या पलीकडे गेलेले.

“कुठलं गाणं होतं ते?” त्यानं शेवटी विचारलं. “जास्त करून कुठलं लावायचीस? म्हण ना. चालेल, येत नसलं तरी.”

शब्द तिला लगेच आठवले. एकन् एक, कुठे ओठ मिटायचे, कुठे गोल करायचे, कुठे दात दिसायचे, सगळं. तिनं ते त्याला सांगितले, धडा वाचावा तसे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत. मग ती थांबली. चाल येईना. तिनं पुन्हा पहिली ओळ घेतली, आत कुठेतरी स्वर असेल म्हणून चाचपलं. आबांचा चेहरा होता, समेवर पडणारी मान होती, पांढऱ्या सदऱ्याची निळसर कॉलर होती. स्वर एकही नव्हता.

“चाल?” हर्षवर्धननं विचारलं.

“नाही आठवत.” ती म्हणाली. “कानाला कर्णा होता, पण लक्ष सगळं त्यांच्याकडे. मी त्यांच्याकडे बघायचे, ते माझ्याकडे बघायचे. इतक्या वेळा लावलं ते गाणं... ऐकलं कुणीच नाही रे.”

त्यानं तिचा हात धरला. समोरचा सिग्नल सुटेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले, आणि मग रस्ता ओलांडून टॅक्सी बघायला गेले.